राजघाटावरून परत आलेलं पुस्तक

ओल्या कागदाचा वास आला की आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी, मागच्या खोलीत भाड्यानं राहिलेले म्हातारे मास्तर आठवतात. ते एका राजाच्या मुलाला शिकवायचे. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली, तसे ते आमच्याकडे आले. सामान म्हणजे लॅटिन कवितांची जुनी, कापडी बांधणीची पुस्तकं. पानावर वर दोन ओळी आणि खाली बारीक अक्षरांत पानभर अर्थ. वाचताना ते एकटेच खदखदून हसायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बेटा, यात राजेलोकांची टर उडवली आहे." ते वारल्यावर मी हे आईला सांगितलं, तर ती भडकली. "पागल झाली का? टिंगलीवर कोणी पानभर अर्थ लिहितं का? पोथ्या आहेत त्या!" मग जीर्ण पोथ्या सोडतात तशी, हळदकुंकू वाहून, तिनं ती पुस्तकं राजघाटावर तापीत सोडली. सगळी बुडाली, एक मात्र भोवऱ्यात फिरून पायरीला येऊन लागलं. "देव परत आला," म्हणत तिनं ते वाळवून देव्हाऱ्यात ठेवलं. आई गेली, आता त्याला फूल मी वाहते. हात जोडले की मास्तरांच्या त्या रिकाम्या खोलीतून तेच हसू येतं, आणि मला डोळे उघडायचा धीर होत नाही.