एका शिंगाचा राक्षस

मंडळी, माणसानं भरवसा नेमका कोणावर ठेवावा? मी जन्मभर माझ्या नजरेवर ठेवला. मी घाटंजीचा कापूस व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं बाजारानं शिकवलं. पुंजका चिमटीत धरून ओढला, की कापूस कोणत्या रानातला ते सांगतो! त्याच नजरेनं भर सभेत माझी कशी फजिती केली, ते ऐका.

तेव्हा घरात अबोला होता. सून वनिताला यवतमाळला नर्सिंग शिकायचं होतं. अर्जाची मुदत दोन दिवसांवर. मी म्हटलं, "कायले? घरी काय कमी हाय तुले?" तरी तिनं अर्ज भरून माझ्या हिशेबाच्या वहीवर आणून ठेवला.

त्यातच नातीच्या शाळेत पालक मेळावा आला. मुलांनी काढलेली परीकथांची चित्रं भिंतीवर लावलेली. मॅडम म्हणाल्या, "शेठजी, एखाद्या चित्राचा अर्थ सांगा ना." मला काय, कोणी बोल म्हणायचाच उशीर!

समोर एक उंच मनोरा. खिडकीत परी, दाराशी राक्षस. मी आवाज खाली आणला.

"पाहा, आभाळ जांभळं. म्हणजे दुःख. राक्षसाच्या चिमटीत ढग. यानं पाऊसच अडवून ठेवला! शिंग एकच, तेही कानापाशी. म्हणजे ताकद मोठी, अक्कल अर्धी. अन् कोपऱ्यात लाल सूर्य बुडून राह्यला. परीची आशा संपली!"

दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. "लेकीबाळीले असं कोंडणाऱ्याले चपलेनं हाणलं पाहिजे!" मी गरजलो. टाळ्या!

तेवढ्यात पुढच्या रांगेतून माझी आठ वर्षांची नात उठली. चित्र तिचंच निघालं.

"आबाजी, तो ढग नाही. कापूस हाय. तुम्ही धरता तसा."

"अन् शिंग?"

"शिंग कुठं? तुमच्या कानावरचा पेन हाय तो."

"बरं... सूर्य तरी?"

"यवतमाळची एसटी हाय! आई खिडकीतून पाहून राह्यली. तिची गाडी सुटली ना!"

मग मागून कोणीतरी हळूच विचारलं, "शेठजी, चप्पल देऊ काय?"

सगळे हसले. वनिता मात्र मान खाली घालून उभी होती. तिच्याकडे पाहायला मला नजरच उरली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी, अर्जाची मुदत संपायच्या आत, यवतमाळच्या पहाटेच्या एसटीत रुमाल टाकून मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली.

आता हा किस्सा पुढं सांगाल, तर एक विनंती. हिशेब इमानदारीनं ठेवा. हिंमत वनिताची, नजर नातीची. माझ्या नावावर राक्षसच लिहा. अन् ते 'अक्कल अर्धी' खोडू नका, ते मी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.