चेट कुझावाच्या नावावरची कामं

चेट कुझावाला कंपनीचे चार शर्ट मिळाले होते. निळा, हिरवा, करडा आणि पुन्हा निळा. बावीस वर्षांत टर्मिनलमधल्या यंत्रांच्या देखभालीचा ठेका चार कंपन्यांकडे गेला, पण माणसं तीच राहिली. ठेका बदलला की सोमवारी नवा शर्ट मिळायचा, जुन्याची डोना, म्हणजे चेटची बायको, फडकी करायची, आणि मंगळवारी गेट आठचा प्रिंटर पुन्हा कागद चावायला लागायचा. साहेब लोक येत आणि जात. काउंटरवरच्या बायकांना त्यांची नावंही ठाऊक नसत. त्यांना ठाऊक होता तो चेट.

"चेट, माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मेला बघ!"

"मरू दे गं. मी आलो की उठतो तो."

असा त्याचा तोरा. माणूस वाईट नव्हता हो. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमधून तळलेल्या माशांची खोकी आणून तो सगळ्या काउंटरला वाटायचा. फक्त आपल्यावाचून विमानं उडत नाहीत असं त्याला मनापासून वाटायचं. पण एकोणसाठाव्या वर्षी गुडघे कामातून गेले होते आणि टर्मिनलमधलं निम्मं काम असतं छताच्या आत, शिडीवर.

तिथं चढायचा ओडेल टिल्मन. चेटपेक्षा दोन वर्षांनी लहान, काडीसारखा उंच, बोलायला कंजूस. चौदा वर्षं सकाळच्या पाळीला हे दोघंच. ओडेल वर, चेट खाली शिडी धरून. गेट सात, आठ, नऊच्या वर छतात एक जुनाट पेटी होती. ती अडकली की तिन्ही गेटचे फलक, प्रिंटर, सगळं एकदम गार. तिच्या वायरी कोणत्या क्रमानं काढायच्या आणि किती वेळ थांबून लावायच्या, हे एकट्या ओडेलला माहीत. तो वायर काढून तिथंच छतात डोकं खुपसून चर्चमधल्या गाण्याचं एक कडवं गुणगुणायचा, मग लावायचा. खालून चेट ओरडायचा, "अरे गायकबुवा, लोकांना विमान पकडायचंय!" आणि फलक उजळले की काउंटरवरच्या बायकांकडे बघून हात असा हवेत फिरवायचा, जादूगारासारखा.

आता काम झालं की कॉम्प्युटरवर जाऊन तक्रार बंद करायची असते, आपापला कोड टाकून. ओडेलच्या कोडची तऱ्हा अशी की दहा मिनिटं हात लागला नाही की तो बाहेर फेकायचा आणि दर महिन्याला मुदत संपायची. मुदत वाढवायला गाड्यांचा अख्खा तळ ओलांडून सुरक्षा विभागात जायचं, जानेवारीच्या बर्फातून. चेट पाळीचा मुख्य. त्याचा कोड सकाळी एकदा टाकला की दिवसभर उघडा. मग काय? चेटनं पहाटे कोड टाकायचा आणि दोघांनी त्यावरच तक्रारी बंद करायच्या, असा प्रघात पडून गेला. असं करू नये, हा नियम त्याच कॉम्प्युटरच्या वर काचेच्या चौकटीत लावलेला होता. त्या चौकटीच्या खिळ्याला चेट आपली टोपी अडकवायचा.

पहिल्या वर्षी ओडेल म्हणाला होता, "चेट, माझं माझ्या नावावर जाऊ दे ना."

"नाव लावून काय तुझा पुतळा उभारणारेत?" चेट म्हणाला. "तू केलंस काय, मी केलं काय. पगार तर शुक्रवारीच होतोय ना?"

ओडेलनं पुन्हा तो विषय काढला नाही. हेच चुकलं त्याचं. आणि चेटचं काय चुकलं ते तर दिसतंच आहे.

त्या वर्षी ठेक्याची मुदत संपली, निविदा निघाल्या आणि सगळ्यात कमी बोली आली ती एका नव्याच कंपनीची. तिनं चाराऐवजी तीन माणसांत काम करायचं कबूल केलं होतं. कुणाला ठेवायचं? कंपनीनं विमानतळाकडून चौदा वर्षांची नोंद मागवली आणि कुणाच्या नावावर किती तक्रारी आहेत ते पाहिलं. दुपारच्या पाळीतल्या दोघांचे कोड त्यांचे ते वापरत, त्यांचे आकडे व्यवस्थित होते. चेटच्या नावावर चार हजारांच्या आसपास. ओडेलच्या नावावर सेहेचाळीस.

पत्र आलं तेव्हा दोघं मागच्या खोलीत कॉफी पीत होते. ओडेलनं ते दोनदा वाचलं आणि चेटपुढे सरकवलं.

"सेहेचाळीस," तो म्हणाला. "चौदा वर्षांत."

चेटनं कॉफी बाजूला सारून पत्र वाचलं. "हा मूर्खपणा आहे. मी बोलतो ना त्यांच्याशी. ठेका द्यायचं शेवटी विमानतळाच्या मंडळाच्या हातात आहे."

"बोल बाबा." ओडेलनं पत्राची घडी घातली. "बर्नाडेटचं औषध मार्चमध्ये आहे."

बर्नाडेट त्याची बायको. मज्जातंतूंचा आजार, काठी घेऊन चालायची. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं, ते चुकलं तर पाय जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. औषध विम्यावर, विमा नोकरीवर. त्या देशात हे असंच. नोकरी गेली की माणसाचे पायही जातात.

चेटनं खरंच धावपळ केली. ठेके पाहणाऱ्या मिसेस डॅनफोर्थला गाठलं. तिनं दोन्ही हात कानांवर नेले. "मिस्टर कुझावा, निविदा चालू असताना मंडळातल्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, ना तुम्ही, ना मी. बोलायचं असेल तर उघड सभेत बोला. चिठ्ठी भरून द्या, तीन मिनिटं मिळतील."

"तीन मिनिटांत काय चौदा वर्षं सांगू?"

"तीन पुष्कळ असतात," ती म्हणाली. "लोक दोन मिनिटांत रडायला लागतात."

सभा गुरुवारी दुपारी होती. चेटनं डोनाकडून भाषण लिहून घेतलं, मोठ्या अक्षरात. सभागृहात जाऊन बघतो तर मागच्या रांगेत ओडेल आणि बर्नाडेट आधीच येऊन बसलेले. ओडेल चर्चच्या सुटात, बर्नाडेट जांभळ्या टोपीत, काठी गुडघ्यांत धरून. तिनं चेटकडे बघून मान हलवली आणि ओठांनीच म्हणाली, "देव भलं करो तुझं." चेट पुढं जाऊन बसला.

समोर अर्धगोल टेबलाशी मंडळाचे सात सदस्य, कडेला त्यांचा वकील, चष्मा कपाळावर चढवलेला. नव्या कंपनीचा ट्रेंट नावाचा तरुण साहेब पहिल्या रांगेत. वाहनतळाचे दर झाले, बर्फ काढायच्या मिठाची खरेदी झाली आणि मग चेटचं नाव पुकारलं. माइकसमोरचा हिरवा दिवा लागला.

"मी चेस्टर कुझावा," त्यानं सुरुवात केली. "माझ्या नावावर चार हजार कामं आहेत असं तुमच्या कागदात लिहिलंय. ते खरं नाही. त्यातली निम्मी, निम्म्याहून जास्त, ओडेल टिल्मननं केलीत. तो तिथं मागं बसलाय. गेट सात ते नऊची पेटी त्याच्याशिवाय..."

"एक मिनिट," वकील म्हणाला. चष्मा नाकावर आला. "कामं त्यांनी केली आणि नोंद तुमच्या कोडवर. म्हणजे तुमच्या कोडवर दुसरा माणूस विमानतळाच्या यंत्रणेत शिरत होता?"

चेटनं हातातला कागद उलटा करून पाहिला.

"नीट विचार करून उत्तर द्या, मिस्टर कुझावा. कारण तसं असेल तर हा सुरक्षेचा भंग आहे. मला आत्ताच सुरक्षा विभागाला कळवावं लागेल. विमानतळावर काम करायचा तुमचा बॅज आणि त्यांचाही, आज संध्याकाळपर्यंत जमा होईल. या किंवा दुसऱ्या कुठल्या विमानतळावर पुन्हा मिळणार नाही."

दिवा अजून हिरवाच होता. एवढा वेळ आपल्यापाशी आहे याचाच चेटला राग आला. मागं वळून ओडेलकडे बघावं असं त्याला वाटलं, पण बघितलं तर वकिलाला उत्तर मिळालंच असतं. डोनानं लिहिलेला कागद हातात ओला झाला. खरं सांगितलं तर ओडेलला ही नोकरी मिळणार नाहीच, वर दुसरी मिळायचा रस्ताही बंद. हे त्याच्या डोक्यात आलं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या क्षणी घशाशी आलं ते हे नव्हतं. घशाशी आलं होतं आपलं घर, निवृत्तीला राहिलेली आपली अडीच वर्षं आणि डोना. ओडेलचा विचार त्यानं पुढे केला, दारात आपल्याआधी दुसऱ्याला उभं करावं तसा.

"नाही," चेट म्हणाला. "कोड मीच वापरायचो. कामं मीच केली. म्हणायचं एवढंच होतं की... तो मदतीला असायचा."

"कसल्या मदतीला?" वकिलानं विचारलं. आवाज मऊ होता, त्याला फक्त टिपणात लिहून घ्यायचं होतं.

"शिडी धरायचा."

मागच्या रांगेत काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग दिवा पिवळा झाला, मग लाल. अध्यक्षबाईंनी आभार मानले आणि मतं घेतली. सातही हात वर. पाच वर्षांचा ठेका, तीन माणसं. पुढचा विषय टर्मिनलमधल्या गालिच्याचा होता.

बाहेरच्या जिन्यात चेटनं दोघांना गाठलं. "ओडेल, ऐक तरी. बॅज गेला असता रे तुझा. मी तुझ्यासाठीच..."

"शिडी?" बर्नाडेट म्हणाली. "तू असं म्हणालास? चौदा नाताळ माझ्या हातचा केक खाल्लास तू, चेट कुझावा, आणि माझ्या नवऱ्याला शिडी धरायला लावलंस?"

"चल," ओडेल तिला म्हणाला. तिचा एक हात खांद्यावर घेऊन तो जिना उतरू लागला, एकेक पायरी थांबत. चेटकडे त्यानं पाहिलं नाही.

सोमवारी चेटला पाचवा शर्ट मिळाला, काळा. ट्रेंटसाहेबांनी आल्या आल्या सगळ्या कोडांची तऱ्हा एकसारखी, दहा मिनिटांची, करून टाकली आणि म्हणाले, हे कधीच व्हायला हवं होतं. ओडेलला त्याच्या बॅजवर टर्मिनलमध्येच काम मिळालं. म्हाताऱ्या प्रवाशांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायचं. तासावर पगार, विमा नाही. दोघं दिवसातून पाचदा समोरासमोर यायचे आणि चेट दर वेळी काहीतरी विसरल्यासारखा मागं वळायचा. शुक्रवारचे मासे त्यानं त्या वर्षी आणले नाहीत. काउंटरवरच्या इव्हेटनं विचारलं तेव्हा म्हणाला, तेल बाधतं.

एप्रिलात एका सकाळी ती पेटी अडकली. सात, आठ, नऊ, तिन्ही गेट गार. तीन विमानांचे लोक उभे, इव्हेट हातानं कागदावर नावं लिहितेय, पोरं रडताहेत. ट्रेंट धावत आला, हातात नोंदीचा कागद.

"काळजी नको," तो इव्हेटला म्हणाला. "चेटनं हीच पेटी दोनशे बारा वेळा दुरुस्त केलीय. चला, चेट. चढा."

चेटनं शिडी उघडली आणि खालीच उभा राहिला. त्यानं ती पेटी आतून कधी पाहिलीच नव्हती. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर गुडघा कटकन बोलला. दुसरी. तिसरी. शिडी डुगडुगली आणि मग एकाएकी स्थिर झाली. चेटनं खाली पाहिलं. ओडेलनं खुर्चीचा ब्रेक लावून खुर्ची बाजूला केली होती. खुर्चीत पांढऱ्या केसांची एक आजी पर्स कवटाळून बसली होती. ओडेलनं दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

"वर बघ," तो हळूच म्हणाला. "डावीकडून तिसरी वायर. ती आधी काढ. मग पहिली. पांढरीला हात लावू नकोस."

चेटनं छतात हात घातला. त्यानं तिसरी काढली, पहिली काढली. "आता?"

"आता थांब. चाळीस मोज."

छतातल्या अंधारात धूळ नाकात जात होती. चेट मोजायला लागला आणि बारावर आकडा विसरला. "ओडेल," त्यानं वरूनच विचारलं, "बर्नाडेटचं औषध..."

"मार्चमधलं चुकलं."

"मग?"

"मग काय. उजवा पाय गेला. तिच्यासाठी घरात अशीच एक खुर्ची आणलीय." मग लगेच तो म्हणाला, "झाले चाळीस. पहिली आधी लाव."

चेटनं पहिली लावली, मग तिसरी. खाली गर्दीतून एकदम हायसं वाटल्याचा आवाज उठला. फलक उजळले होते. चेट उतरला तेव्हा ट्रेंट टाळ्या वाजवत होता, बघा, बघा, अनुभव म्हणतात तो हाच. इव्हेटनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. ती शिडीकडे बघत होती.

"अहो, तुम्ही," ट्रेंट ओडेलला म्हणाला, "शिडी धरलीत, फार बरं केलंत हं."

"सवय आहे," ओडेल म्हणाला. त्यानं ब्रेक काढला, आजीला "चला, आई, तुमचं विमान लागलंय," असं म्हणून खुर्ची गेट आठकडे वळवली आणि निघून गेला.

चेट मागच्या खोलीत आला. कॉम्प्युटरवर तक्रार उघडली. काम कोणी केलं, असा एक रकाना असतो. पडदा दहा मिनिटं वाट बघतो; एकदा तो बंद झाला, चेटनं परत उघडला. तो पुन्हा बंद व्हायला आला तेव्हा चेटनं आपलं नाव टाकलं आणि तक्रार बंद केली.