एका डोळ्याचा गणपती

जोहे गावच्या सुरभीचा हात गणपतीच्या डोळ्यांवर बसला तो दाजींच्या कारखान्यात. डोळ्यांची आखणी म्हणजे सगळ्यात जोखमीचं काम. रेघ जरा हलली की देवाचा चेहराच बदलतो. दाजींचा त्यात एक नियम होता. एक डोळा उघडला की दुसरा उघडल्याशिवाय ब्रश खाली ठेवायचा नाही, मग जेवायला हाक येवो नाहीतर दारात पाहुणे येवोत. देवाला अर्धवट बघत ठेवायचं नाही. दाजी गावातले सगळ्यात जुने कारागीर, त्यामुळे बाकीचे कारखानेही हा नियम पाळत.

मग सुरभी रोह्याला आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला गेली आणि गळ्यात शिट्टी घालून परतली. जोह्याला नदी वरून येते आणि खाडीचं उधाण खालून. दोघांची गाठ पडली की पाणी शेतातून थेट कारखान्यांत शिरतं. तसं झालं तर म्हाताऱ्या माणसांना कुणी उचलायचं, उंचावरच्या शाळेत सगळ्यांना कसं न्यायचं, हे आता ती, गावातला आदेश आणि आणखी चार पोरं बघणार होती.

पहिल्या सरावाला आदेशनं शिट्टी फुंकली. गाव धावलं, पण भलतीकडेच. जो तो आपल्या कारखान्यात घुसला आणि गणपती उचलून वरच्या फळ्यांवर चढवू लागला. दाजींची बायको काशीबाई गुडघ्यांनी अधू. ती ओट्यावर बसून पळापळ बघत राहिली, तिला उचलायचं कुणालाच सुचलं नाही. शाळेत पोचल्या त्या कुणाच्या तरी दोन शेळ्या. आणि सराव ठरवणारी सुरभी? तिनं नुकताच एक डोळा उघडला होता. दुसरा पुरा करून ती आली, तेव्हा आदेश पोट धरून हसत होता.

“म्होरकीच नाय आली गो!”

सुरभीला हसू आलं नाही. लाज वाटली, आणि ओट्यावरची काशीबाई आठवून भीतीही वाटली. तिनं दाजींना पाणी आलं तर नियम सोडायला सांगून पाहिलं.

“देव बघून घेईल,” दाजी म्हणाले.

“एका डोळ्यानं?”

“लय आगाऊ हायस,” म्हणत दाजींनी विषय मिटवला.

श्रावणात एका दुपारी खरोखरच पाणी आलं. सुरभीनं पाटावरच्या गणपतीचा एक डोळा उघडला होता, तोच बाहेरून आदेश ओरडला, “पाणी बांधावरनं येतंय!”

सुरभीनं ब्रश रंगाच्या वाटीत ठेवला.

कारखान्यातले सगळे हात थांबले. दाजी कडाडले, “सुरभे, दुसरा डोळा!”

“दाजी, काशीकाकू ओट्यावर हायत,” ती म्हणाली आणि शिट्टी फुंकत बाहेर पडली.

दाजींनी गणपतीकडे पाहिलं, मग दाराकडे. चष्मा खिशात टाकून ते उठले. गणपती वाहायच्या फळीवर काशीबाईला बसवून पोरांनी उचललं. दाजी मागोमाग चाललेले दिसले, तसे शेजारच्या कारखान्यांतलेही ब्रश ठेवून निघाले. गाव शाळेत पोचलं तेव्हा दाजींच्या ओट्यावर पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. खालच्या रांगांतले गणपती विरघळून गेले होते. हंगाम हातचा गेला आणि दाजी उंबऱ्यावर बसून रडले. पाटावरच्या त्या गणपतीचा नुसता गोळा उरला होता. तो बघून सुरभीला दाजींकडे मान वर करून बघवेना.

दाजींनी डोळे पुसले आणि तो गोळा हातात घेतला. “माती हाय. परत मळू,” ते म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या सरावाला सुरभी शिट्टी फुंकत शाळेपाशी आली, तर पायरीवर दाजी आधीच हजर. शेजारी काशीबाई. दाजींच्या बोटांवर काळा रंग ओलाच होता.

“दोनी डोळे उघडून आलाव ना?” आदेशनं चिडवलं.

सराव संपल्यावर सुरभी कारखान्यात गेली. ब्रश वाटीत होता, आणि पाटावरचा गणपती एका डोळ्यानं दाराकडे बघत होता.