रेवदंड्याच्या आळीत ठरलेला दर

अलिबागच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. घर रेवदंड्याला, घरात मी, दादा आणि वहिनी. दादा रिक्षा चालवतो. पर्यटक वाढले तशी त्याने मागच्या वाडीतली सुपारीची झाडं काढून, कर्ज घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि भाड्याने द्यायला लागला. पहिल्या हिवाळ्यात खोल्या एकही शनिवार रिकाम्या राहिल्या नाहीत. ते बघून शेजाऱ्यांनी बांधल्या, मग समोरच्यांनी. बघता बघता आळीत घर तिथे पाटी झाली. पाहुणे एका दारात दर विचारायचे आणि दुसऱ्या दारात तो पाडून मागायचे.

शेवटी देवळात बैठक बसली. सगळ्यांचा एकच दर ठरला, त्याखाली कोणी जायचं नाही. थोड्याच दिवसांत दादा चिडून घरी आला. शेजाऱ्यांनी दर पाडला, असं त्याचं म्हणणं होतं. आमचं त्यांच्याशी बोलणं बंद झालं.

त्याच सुमारास मी वर्गात सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्रातला फरक शिकवत होते. एका घराचा निर्णय सूक्ष्म, सगळ्या देशाचा हिशेब स्थूल, इथवर पोरांना पटकन कळतं. पण एकाच्या फायद्याचं ते सगळ्यांनी केलं तर कोणाच्याच फायद्याचं राहत नाही, हे समजावताना मी नाव न घेता आमच्याच आळीतल्या खोल्यांचं उदाहरण दिलं. ठरलेला दर एकाने मोडला की बाकीच्यांनाही मोडावा लागतो, हेही सांगितलं. शेजाऱ्यांची मुलगी वर्गात होती. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मॅडम, दर आधी आम्ही नाही पाडला," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे उतरलेले पाहुणे आधी आमच्याच दारात आले होते. पलीकडे कमीत मिळतंय म्हणाले नि गेले."

संध्याकाळी मी दादाला विचारलं. तो रिक्षाची काच पुसत राहिला.

"खोली रिकामी ठेवून काय मिळणार व्हतं?" तो म्हणाला. "हप्ता काय थांबतोय?"

पुस्तकाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. शनिवारची रिकामी खोली सोमवारी विकता येत नाही. पण त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना.

वहिनीने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. सकाळी उठून ती थेट शेजारी गेली. तिथे काय झालं ते मला पुढे शेजारच्या काकूंनीच सांगितलं. दर आमच्याकडून आधी मोडला, हे वहिनीने दारातच कबूल केलं. मग म्हणाली, आळीत खोल्या सगळ्यांकडे आहेत, पण जेवण कोणाकडेच नाही. पाहुणे जेवायला बाहेर जातात.

"खोली तुमची असो नायतर आमची, माणूस जेवायला बसणारच," ती म्हणाली. "मी सगळ्यांचं करते."

काकूंनी लगेच हो म्हटलं नाही. चार दिवसांनी आमच्या ओट्यावर आल्या आणि भाकऱ्या मी थापते म्हणाल्या.

आता दादाच्या एका खोलीत चूल आणि भांडी आहेत. खोल्या एकमेकींना पर्यायी वस्तू होत्या, जेवण त्यांना पूरक ठरलं. शेजाऱ्यांच्या खोल्या भरल्या की आमच्या पंक्तीही भरतात. देवळात पुन्हा बैठक झाली नाही, दर ज्याचा त्याचा आहे. दादा आणि शेजारचे काका अजूनही कामापुरतंच बोलतात. काकांच्या पाहुण्यांना बोंबील कमी पडले, तर वहिनी दादाच्या ताटातले काढून देते, आणि तो ताट पुढे करतो.