काकूनं बोर्डाला बोलतं केलं

आमची काकू गप्प बसली की समजावं, घरातल्या एखाद्या यंत्राची आता धडगत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं सगळी नोकरी टर्मिनलसमोर काढली. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि कुठली लाइन कुठे बिघडलीय त्याचा शोध. निवृत्त झाल्यावर तिला करमेना. मग इस्त्री, मिक्सर, शेजाऱ्यांच्या दाराची बेल, हाती लागेल ते तिनं खोललं. त्यातलं निम्मं दुरुस्त झालं. उरलेल्या निम्म्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

म्हणून आईच्या भरतकामाच्या मशीनचा पडदा काळा झाला, तेव्हा मी पहिली काळजी कसली घेतली, तर काकूच्या कानावर जाणार नाही याची.

आईचं दुकान आमच्या घराखालीच. एकच मशीन, पण त्यावर ती शाळांची बोधचिन्हं, पडद्यांच्या किनारी, तान्ह्या बाळांच्या दुपट्यांवरची बदकं असं काय काय काढते. प्रत्येक नक्षी तिनं स्वतः, मशीनच्या पडद्यावर टाका टाका लावून बसवलेली. सगळी मशीनच्या पोटात, दुसरीकडे कुठे नक्कल नाही. दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि सांगितलं की बोर्ड बदलावा लागेल, जुन्यातलं काही हाती लागणार नाही. ज्यांनी मशीन बनवलं त्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला होता, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला?

"पुन्हा पहिल्यापासून काढायला डोळे कुठून आणू?" आई म्हणाली. "दुकान बंद करते."

रडली असती तर मी समजूत घातली असती. पण भाजी संपली सांगावं तसं तिनं हे सांगितलं आणि मी घाबरले. तशीच उठून काकूकडे गेले.

काकू घरातल्या चपलांवरच निघाली. मशीनचं मागचं झाकण तिनं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उघडलं होतं. आत हिरवा बोर्ड, आणि त्याच्या कोपऱ्यात नुसत्याच उभ्या तीन पिना. त्या बघून तिचा चेहरा असा उजळला की मला एकदम धीर आला.

"पडदा मेलाय, पण बोर्डही मेलाय असं कोण म्हणतं?" ती म्हणाली. "बनवणारे स्वतःसाठी मागचं दार ठेवतात. जिवंत असेल तर इथून बोलेल."

बाजारातून तिनं एक केबल आणली. एक टोक माझ्या लॅपटॉपमध्ये, दुसऱ्या टोकाला तीन सुट्या तारा. एक बोलायची, एक ऐकायची, एक दोघांत सामाईक. आपली बोलायची तार बोर्डाच्या ऐकायच्या पिनेला लावायची आणि त्याची बोलायची पिन आपल्या ऐकायच्या तारेला. सारखीला सारखी जोडली तर दोघंही बोलतात आणि ऐकत कोणी नाही, म्हणजे तुझे काका आणि मी, असं तिनं मला समजावलं. लॅपटॉपवर टर्मिनलचा प्रोग्राम उघडून तिनं वेग वगैरेचे रकाने खटाखट भरले आणि मशीन चालू करायला सांगितलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर नुसता कचरा. काकूला त्याचाही आनंद. वेग जुळत नाहीये, पण बोलतोय ना! ती वेग वाढवत गेली. आमच्या वेळी नऊ हजार सहाशेलाच धाप लागायची, म्हणत म्हणत एक लाखाच्या पुढे पोचली, आणि एकदम अक्षरं उमटली. निम्मी खरीखुरी, निम्मी प्रश्नचिन्हं. मी आईला ओरडूनच हाक मारली.

आई चष्मा पुसत आली आणि तिथेच गाडं अडलं. काकू आज्ञा टाइप करी आणि बोर्ड दर वेळी कळलं नाही म्हणून सांगे. तारा काढून पुन्हा लावल्या, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, ढिम्म. आई खाली मान घालून दोऱ्याची रिळं डब्यात भरू लागली. ते मला बघवेना. मी म्हटलं, बाकीचे रकाने एकदा बघूया का? काकू उखडली. ते रकाने ती झोपेतसुद्धा भरू शकते, म्हणे.

तरी मी मोठ्यानं वाचलं. "डेटा बिट सात, पॅरिटी सम."

 काकूनं कपाळावर हात मारला आणि स्वतःलाच हसत सुटली. तिच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक अक्षरासोबत एक राखणदार बिट जायचा, अक्षर धड पोचलं की नाही ते तपासायला. नोकरीभर ड्यूटी सुरू झाली की आधी हेच रकाने भरायचे. इथेही हातानं डोक्याला न विचारता तेच भरले. या बोर्डाला राखणदार माहीतच नव्हता, म्हणून हिशेबात बसली ती अक्षरं आत आली आणि बाकीची दारातून परत गेली.

सातचे आठ केले, राखणदार काढला, मशीन पुन्हा चालू केलं. ओळींवर ओळी धावल्या, एकही प्रश्नचिन्ह नाही! काकूनं आज्ञा दिली आणि बोर्डानं आपल्या पोटातल्या नक्ष्यांचे नंबर भराभर ओतले. मला ते नुसते आकडे. आईनं रिळं टाकली आणि ती पडद्यावर बोट ठेवत सांगू लागली, हे बदक, ही वेलीची किनार, हे त्या टेकडीवरच्या शाळेचं. तिचा आवाज चढतच गेला. दुपारभर आम्ही एकेक नक्षी लॅपटॉपवर उतरवून घेतली. जेवणाची आठवण कोणालाच झाली नाही.

जुना बोर्ड बोलला तरी पडदा काही उजळेना, म्हणून दुरुस्तीवाल्यानं नवा बोर्ड बसवला आणि आम्ही सगळ्या नक्ष्या परत आत घातल्या. आईनं बदक लावलं. सुई धावू लागली, चोच उमटली, मग पंख. काकू उभ्या उभ्या बघत राहिली.

"सगळा जन्म लाइनी जोडण्यात गेला गं," ती म्हणाली. "लाइन लागली की माझं काम संपायचं. पलीकडे कोणाला आनंद झाला, ते कधी दिसलं नाही."

आईचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. तिनं आपली खुर्ची काकूकडे सरकवली.

"वहिनी, बसा," ती म्हणाली. "पुढचं बटण तुम्ही दाबा."