चुलीच्या जागी दुसरी मशीन

निलंगा-लातूर रस्त्यावर लक्ष्मम्माची खानावळ आहे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभी केलेली. तिथली रीत एकच, गिऱ्हाईक पाटावर बसल्याशिवाय भाकरी थापायची नाही. आधी करून ठेवलेली भाकरी तिनं कुणाच्या ताटात कधी घातली नाही. कुणी घाई केली तर म्हणायची, "बस की जरा! कुठं आग लागलीय का?"

पोरानं, रुद्रेशनं, दारात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची मशीन बसवली तेव्हा ती मशीन गाडी सावकाश भरायची. माणसं तासभर अडकायची, पोटभर जेवायची, बाजेवर आडवी व्हायची. लक्ष्मम्मा मशीनवर खूश होती.

पण रुद्रेशला कुठलं स्वस्थ बसवतंय! त्यानं ती काढून जलद मशीन आणली. नव्या गाड्यांच्या बॅटऱ्याही अशा निघाल्या, की चहा निवायच्या आत भरतात. आता भाकरी तव्यावर पडेपर्यंत मोबाईल वाजायचा, चार्जिंग झालं, आणि स्वारी पसार! टम्म फुगलेली भाकरी घेऊन लक्ष्मम्मा दारात उभी. असा संताप व्हायचा तिचा! किती भाकऱ्या म्हशीला घातल्या त्याला गणती नाही.

"अव्वा, पैसा आता यातच हाय," रुद्रेश म्हणाला. "बॅटऱ्या दरसाल सुधारत चालल्यात. कंपनी अजून जलद मशीन देती. सगळी गुंतवणूक त्यांची. आपून फकस्त जागा द्यायची."

"कुठली जागा?"

रुद्रेश खाली बघत म्हणाला, "चुलीची. तू आता आराम कर की."

"आराम! मी मागितला व्हता का आराम? चूल गेली तर खानावळ राहती का रे?"

तरी कंपनीचा माणूस जागा मोजायला लातूरहून आलाच. आपली गाडी मशीनला लावून तो आत आला. "मावशी, वेळ नाही. एखादी भाकरी द्या, उभ्यानंच खातो."

"उभ्यानं जनावरं खातात. बसा."

बसला बापडा. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेंगदाण्याची चटणी. एक संपली, दुसरी संपली. मोबाईल वाजला, तो त्यानं बंद करून टाकला. बाहेर त्याच्या भरलेल्या गाडीमागं रांग लागली, हॉर्न सुरू झाले. रुद्रेश पळत आत आला. "साहेब, गाडी काढता का जरा?"

"काढतो हो. आणखी एक होऊ द्या."

हॉर्न वाजवून वाजवून कंटाळलेली माणसं शेवटी उतरली आणि आत आली. काय आहे जेवायला, विचारत एकेकजण पाटावर बसला.

कंपनीच्या माणसानं हात धुतले, ढेकर दिला आणि खिशातून टेप काढली. भिंतीपासून थेट चुलीवर ताणली. "इथंच बसवू मशीन. हल्ली थांबायला वेळ कोणाला आहे, मावशी?"

लक्ष्मम्माचा हात पिठावरच थांबला. तीन भाकऱ्या हादडून हा बाबा वर हे बोलतोय! तिनं लाकूड चुलीत आत सारलं. जाळ भसकन वर आला, तशी त्यानं टेप झटकन मागं ओढली.

"चूल इझली की मोजा," ती म्हणाली. "रुद्रेश, पीठ आण."

रुद्रेशनं साहेबाकडं बघितलं, भरलेल्या पंगतीकडं बघितलं, आणि आत जाऊन पिठाचा अख्खा डबाच उचलून आणला.