लाइबरेंटे

धाकटी भाषांतरांवर पोट भरायची. लोकांचे करार तिनं ढिगानं पाहिले होते, पण थोरल्या भावाचा करार आला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला.

दादा बूट शिवायचा. वहिनी गेली, डोळे अधू झाले, तेव्हा त्यानं राहतं घर शेजारच्या औषधवाल्याला विकलं. एकरकमी पैसे नाहीत. दादा असेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम, आणि तोवर राहणंही तिथंच. कागद तिथल्या रीतीनं जर्मनमध्ये होता; दादाला ती भाषा बोलण्यापुरतीच यायची.

दादानं एका शब्दावर बोट ठेवलं. "लाइबरेंटे म्हणजे काय गं?"

"रेंटे म्हणजे नेमानं येणारी रक्कम. मुळात लॅटिन शब्द, 'परत दिलेलं' असा. आणि लाइब म्हणजे शरीर."

"म्हणजे माझ्या कुडीचं भाडं!"

"नाही रे. पूर्वी लाइब म्हणजे जीवसुद्धा. जीव आहे तोवर मिळणारं, ते हे."

"मग आता त्याच्या दुकानातून खोकल्याचं औषधही घ्यायला नको," म्हणून दादा खो खो हसला आणि सही करून मोकळा झाला.

वर्ष सरायच्या आत त्याला झटका आला. वाचा गेली, मग घास गिळणंही बंद झालं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवायची का, असं विचारलं.

"बसवा," दादाचा मुलगा म्हणाला. "आत्या, माझी नोकरी गेलीय. घर बाबांच्या पैशांवर चाललंय."

"त्याला विचारलंस?"

"विचारून बोलणार आहेत का?"

धाकटीनं वाकून विचारलं. दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलानं सही केली.

दादा नळी उपसायचा, म्हणून त्याचा चालता हात पलंगाला बांधू लागले. धाकटी रोज दुपारी जाऊन ती पट्टी सोडायची आणि बसेल तेवढा वेळ हात हातात धरायची. आपण त्या शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण जीव म्हणावं असं आता त्या खाटेवर काय उरलं होतं? उठताना पट्टी पुन्हा तिलाच बांधावी लागे.

दुसऱ्या हिवाळ्यात दादा सुटला. फोनवर मुलगा रडला, आणि रडता रडताच म्हणाला, "आत्या, या महिन्याचे मिळतील ना?"

"मिळतील," ती म्हणाली.

किल्ल्या घ्यायला औषधवाला आला, तो उंबऱ्यातच थबकला. "ताई, मी कधी त्यांचं वाईट चिंतलं नाही हो."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिला माहीत नव्हतं. तिनं किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या.